पाणी दिसेपर्यंत

३ फेब्रुवारी
आज वाढदिवस. चव्वेचाळीस पूर्ण. संकल्प तीनच, पण पक्के. रोज पहाटे योगा. रोज ब्लॉग. दर रविवारी आपला परिसर पायी पालथा घालणे. लोक परदेशात जाऊन येतात आणि घरामागची टेकडी कुणी पाहिलेली नसते. सुरुवात उद्यापासून, कारण आज केक आहे.

४ फेब्रुवारी
जाग उशिरा आली. पण उठण्याआधी अंथरुणातच शवासन केलं. जाणकार सांगतात की तेच सगळ्यात अवघड.

६ फेब्रुवारी
शोरूम बंद झाल्यावर (टाइल्सचं शोरूम; सेल्स मी बघतो) इटालियन मार्बलच्या डिस्प्लेसमोर वृक्षासनाचा फोटो काढला. टायमर लावून. कॅशियरबाईंनी मला बाजूने धरलं होतं, त्यांना क्रॉप केलं. मार्बल मस्त आला आहे.
ब्लॉग सुरू. पहिली पोस्ट: 'उठा!' बायकोला वाच म्हटलं, तर वेळ मिळाला की वाचते म्हणाली. लग्न झाल्यापासून तिला वेळ मिळायचा आहे.

११ फेब्रुवारी
वाचक मिळाला! सासरे. सासूबाई गेल्यापासून वर्षभर ते भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसून असतात. जेवायलासुद्धा हाका माराव्या लागतात. मेहुण्याने त्यांना फोनवरची अक्षरं मोठी करून दिली, आणि पहिलं काय वाचलं असेल तर 'उठा!' खाली कॉमेंट आहे: जावईबापू, उठलो.
माझ्या शब्दांत ताकद आहे हे मी कधीपासून म्हणतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार
आज टेकडी ठरली होती. जाग दुपारी दीडला आली. पंखा जोरात होता आणि बायकोने मधेच कधीतरी अंगावर चादर घातली होती. ऊब मिळाल्यामुळे झोप लांबली. चूक कुणाची ते लिहीत नाही.
पण ब्लॉग थांबत नसतो. शोरूमच्या गच्चीवरून टेकडीपलीकडे काहीतरी चमकताना दिसतं. पाणीच असणार, दुसरं काय असेल? बसल्या बैठकीला पोस्ट लिहून टाकली: 'टेकडीपलीकडचं तळं'. 'आज, रविवारी, भर बाराला मी त्या खडकावर बसलो होतो, पाय पाण्यात सोडून.' हे खोटं म्हणता येणार नाही. पुढच्या रविवारी जाऊन आलो की खरंच होणार आहे.
शेवटी वाचकांना तीन सूचना. एकटे जा. फोन घरी ठेवा. आणि पाणी दिसलं नाही तर समजा, तुम्ही अजून पुरेसं चालला नाहीत.
शेवटची इतकी जमली की ठळक अक्षरांत टाकली.

१८ फेब्रुवारी
सासऱ्यांचा फोन. वर्षभरात त्यांनी स्वतःहून केलेला पहिलाच. वाट कुठून आहे, विचारत होते. जुन्या दगडखाणीच्या डाव्या अंगाने जायचं, पांढरा खडक लागला की वळायचं, असं सांगितलं. टेकडीवर एखादा पांढरा खडक असतोच.

२१ फेब्रुवारी
कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोचे डोळे भरून आले. म्हणाली, बाबा आता दोन्ही वेळा नीट जेवतात, काल स्वतः जाऊन बूट घेऊन आले. तुझ्यामुळे, म्हणाली. मग घड्या सोडून माझ्या खांद्यावर डोकं टेकवून बसली. असं ती शेवटचं कधी बसली होती ते आठवत नाही.
तळ्याबद्दल सांगायला हीच वेळ बरी होती. पण समोरच्याच्या आनंदावर पाणी ओतणं योगात बसत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
टेकडीला निघणार होतो, गुडघा कुरकुरला. सासरे पायथ्यापर्यंत जाऊन आले. कॉमेंट: दम लागला, पण मजा आली.

२५ फेब्रुवारी
शोरूमच्या मालकांकडे सहज टेकडीचा विषय काढला. ते पूर्वी त्याच खाणीतून दगड उचलायचे. म्हणाले, तिकडे चुकूनही जाऊ नका. डावीकडची कड आतून पोखरलेली आहे, वर गवत माजलंय, कुठे जमीन संपते ते कळत नाही. गेल्या वर्षी एक म्हैस खाली गेली, तिचा आवाज दिवसभर येत होता.
पोस्टखाली तळटीप टाकायला हवी. लिहिलीसुद्धा. मग वाटलं, लोक विचारतील की तुम्ही जाऊन आलात ना, मग आधी का नाही लिहिलंत? ड्राफ्टमध्ये ठेवली आहे. नीट शब्द सुचले की टाकतो.

२८ फेब्रुवारी
सासऱ्यांचा फोन. रविवारी पहाटे निघणार. मेहुण्याला सांगणार नाहीत, तो उगाच अडवेल. दाराची चौकट धरून वृक्षासनही जमायला लागलंय म्हणाले. मग म्हणाले, तुमच्या सासूबाईंना पाणी फार आवडायचं. तिथे जरा वेळ बसून येईन.
मी बोलायला तोंड उघडलं. बायको शेजारीच उभी होती, बाबांचा आवाज ऐकून हसत होती. मी म्हणालो, शुभेच्छा. आणि वर म्हणालो, पांढरा खडक विसरू नका. हे का म्हणालो, कळत नाही.
झोप नीट नाही. जेवण जास्त झालं असावं.

१ मार्च
मार्ग सापडला! उद्या पहाटे मीच पायथ्याशी जाऊन उभा राहतो. सोबत जायचं, उजवीकडून न्यायचं, गुडघ्याचं कारण सांगून अर्ध्यातून परत. कुणाला काही कळायचं कारण नाही. अलार्म पाचचा लावला.
चौथा संकल्प: दर रविवारी डिजिटल उपवास. आजच फोन बंद करून कपाटात ठेवला. मन एकदम शांत.

२ मार्च, रविवार, दुपारी एक
अलार्म फोनमध्ये होता.
मेहुण्याचा फोन बायकोच्या फोनवर आला. बाबा घरात नाहीत. बूट नाहीत. फोन उशाशी ठेवून गेलेत, त्यावर माझा ब्लॉग उघडा आहे.
बायकोने विचारलं, तू कधी गेला होतास टेकडीवर? म्हटलं, एकदा, सकाळी लवकर, तू झोपली होतीस. ती चपला घालून बाहेर पडली.

२ मार्च, संध्याकाळ
वाट माहीत असलेला माणूस म्हणून सगळ्यांनी मला पुढे घातलं. मागे मेहुणा, एक हवालदार, खाणीचा वॉचमन. बायकोला पायथ्याशी थांबवलं. मेहुणा सारखा विचारत होता, पांढरा खडक कुठे आहे? मी एक दाखवला. हवालदार म्हणाला, हा काळा आहे. मी म्हणालो, उन्हात पांढरा दिसतो.
उन्हातच उभे होतो आम्ही.
मी त्यांना उजवीकडे नेलं, कारण डावीकडे माझी जायची छाती होत नव्हती. खूप वेळ फुकट गेला. शेवटी मेहुणा मला ढकलून बाबा, बाबा ओरडत उलटा धावला. डावीकडून, बरंच खालून, बारीक ओ आली.
खाणीच्या तळाशी पडले होते. मोडलेल्या शेडच्या पत्र्याजवळ. पत्र्यावर ऊन पडून डोळे दिपत होते. गच्चीवरून दिसतं ते हेच.

४ मार्च
पाय दोन ठिकाणी मोडलाय, खुबाही गेलाय. ऑपरेशन परवा. डॉक्टर म्हणाले, या वयात भूल सोसेल की नाही हाच प्रश्न आहे. बायको दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून आहे. मी चहा आणून देतो, तो गार होतो.
सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत, जावयाने बरोबर लिहिलं होतं, वळण माझंच चुकलं. हवालदारालाही त्यांनी तेच सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. योगा बंद.

५ मार्च
सासऱ्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, पाणी दिसेना, जावईबापू. परत फिरणार होतो. मग तुमचं वाक्य आठवलं. वाटलं, मीच कमी चाललो असेन, म्हणून आणखी पुढे गेलो.
मग म्हणाले, उद्या भूल देतील, त्याआधी ते एकदा वाचून दाखवा. नेमकं कुठे चुकलो ते कळू दे.
म्हटलं, आता नको, आराम करा. त्यांनी माझा हात सोडला नाही. वाचायला लागलो. ते डोळे मिटून ऐकत होते. 'आज, रविवारी, भर बाराला मी त्या खडकावर बसलो होतो' इथपर्यंत आलो. वर तारीख छापलेली असते, तीही त्यांनी मोठ्याने वाचायला लावली. सोळा फेब्रुवारी.
मान वर केली तर बायको दारात उभी होती. माझा ब्लॉग ती पहिल्यांदाच ऐकत होती.
त्या रविवारी भर बाराला मी कुठे होतो, ते तिला पक्कं ठाऊक आहे. चादर तिनेच घातली होती.