तळ्यावरची पाखरं

ता. ४ जानेवारी १९९७

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
तू पाठवलेली पाहुणी, ती निवृत्त शिक्षिका, काल गेली. आली तेव्हा खोली पाहून नाक मुरडलं होतं. निघताना माझ्या गळ्यात पडून रडली. रोज सकाळी तुझ्या दाजींच्या होडीतून जायची आणि झाडांवरची करकोच्यांची घरटी लांबूनच बघायची. म्हणाली, जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून काही पाहिलं. त्यावर यांनी लगेच मला विचारलं, तुला कधी जमणार? या पाहुण्यांमुळे शेजाऱ्यांनीही घरट्यांच्या बाजूला जाळी टाकणं सोडलंय, आणि लेकीचं नर्सिंगचं शिक्षण चाललंय. तुझ्या सहलींच्या ऑफिसचं भलं होवो. पत्राचा कंटाळा करू नकोस.
तुझी ताई

ता. २० मे १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
आडपडदा न ठेवता सांगतो. आमचं ऑफिस एका मोठ्या कंपनीनं घेतलं. तळ्यावर हॉटेल होणार, इंजिनाच्या बोटी येणार. पाखरं उडून जातील, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, पाणी तर राहील ना! मला आता टपाल फोडायला बसवलंय. दाजींना म्हणावं, गावाची सभा बोलवा. माझ्या हातात एवढंच उरलंय. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुझा धाकटा

ता. ९ डिसेंबर १९९८

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
सभेचा काही उपयोग झाला नाही. नोकरीच्या आशेनं निम्मं गाव गप्प बसलं. पोट कुणाला चुकलंय? हॉटेल उभं राहिलं, बोटी कर्णे लावून फिरू लागल्या. करकोचे पिल्लं टाकून उठले ते परतलेच नाहीत. हे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पिल्लं गोळा करत होते. एकही जगलं नाही.
आपल्याकडे आता कुणी उतरत नाही. लेक शिक्षण सोडून हॉटेलात चादरी बदलते. यांनाही तिथंच घेतलंय. भिंतीवर पक्ष्यांची चित्रं आहेत, पाहुण्यांना त्यांची नावं सांगायची. परवा एकानं विचारलं, हे इथं दिसतात का? हे म्हणाले, दिसायचे. मॅनेजरनं बाजूला घेऊन बजावलं, दिसतात म्हणायचं. आता हे तसंच म्हणतात.
तू ये. पण त्यांना तळ्याकडे चला म्हणू नकोस.
तुझी ताई