वन्सं, दाखल्यावर चंद्रप्रकाश आहे

भांडुप,
मंगळवार, दुपारचं जेवण आटोपून

सौ. इरावती वन्संना,

वयाने मी मोठी म्हणून आशीर्वाद आणि तुम्ही नणंद म्हणून नमस्कार. दोन्ही घ्या, त्यात कमीजास्त करू नका. तुमचे गुडघे कसे आहेत? तुळशीदास भावजींचा खोकला गेला का? आंबोशी वाळली असेल तर माझ्या वाट्याची बाजूला ठेवा. इथे आम्ही सगळे मजेत. नितेशची बायको कल्पिता रोज चालायला जाते आणि येताना वडापाव घेऊन येते, म्हणजे तब्येत चांगली आहे. तुम्ही म्हणाल, फोन असताना वैनी पत्र कशाला लिहिते. तर वन्सं, फोनवर तुम्ही मला बोलू देता कुठे? माझं अर्धं सांगून होत नाही तोच तुम्ही म्हशीकडे जाता. पत्राला मध्येच तोडता येत नाही. अक्षर माझंच आहे, चौथीतलं, तरी सांभाळून वाचा.

आधी गोड बातमी. तुमचा भाचा नितेश जर्मनीला चाललाय! त्याची कंपनी लिफ्ट बसवते, ते तुम्हाला ठाऊक आहेच (मागच्या गणपतीत तुम्ही आमच्या लिफ्टमध्ये डोळे मिटून देवाचं नाव घेत होता, तसलीच लिफ्ट). तर तिकडे कसलं तरी नवीन मशीन आलंय, ते शिकायला कंपनी चार माणसं पाठवतेय आणि त्यात आपला नितेश. तीन महिने! मी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सांगून झालं, आता वॉचमनला दुसऱ्यांदा सांगतेय. तुमचे दादा असते तर गिरणीतल्या जुन्या दोस्तांना गोळा करून चहा पाजला असता. पण कंपनीने कागदांची यादी दिली आणि यादीत एक कागद निघाला जन्माचा दाखला. शाळेचा दाखला आहे, आधार आहे, सगळं आहे. हाच तेवढा नाही. पंचवीस तारखेच्या आत दिला नाही, तर त्याच्या जागी पाचवा माणूस जाणार. तो पाचवा रोज सकाळी नितेशला फोन करून विचारतो, "मिळाला का रे?" (इतकी काळजी सख्खा भाऊही करत नाही.)

घरातले म्हणाले, मोबाइलवर मिळतो. माझी नात श्रुतिका बसली बापाचं नाव घालून शोधायला. नाव घातलं, तारीख घातली, साल १९८४ घातलं. मोबाइल म्हणतो, नोंद सापडली नाही. पुन्हा घातलं. नाही. एक्केचाळीस वर्षं हा माणूस या घरात जेवतोय, घोरतोय, आंघोळीला गरम पाणी मागतोय, आणि मोबाइल म्हणतो असा कोणी जन्मलाच नाही! मी म्हटलं, ठेव ते बाजूला, मी जाते. नितेशला सुट्टी नव्हती आणि त्याला मीच तर जन्म दिला होता, माझ्यापेक्षा जास्त माहिती कोणाला असणार?

तर मी निघाले आमच्या वॉर्डाच्या ऑफिसात. पिशवीत त्याची कुंडली घेतली, बारशातला चांदीचा वाळा घेतला (पुरावा म्हणून), आणि रांगेत भूक लागली तर म्हणून दोन घावणे. खिडकीत ऋतिका नावाची मुलगी होती, गळ्यातल्या कार्डावर वाचलं. तिने कुंडली बघितली, वाळा बघितला, आणि गोड आवाजात विचारलं, "आजी, जन्म कुठे झाला?" मी म्हटलं, मालाडला, महापालिकेच्या प्रसूतिगृहात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत आणि माझं माहेर मालाड. तर ती म्हणाली, मग दाखला मालाडला मिळेल. राहतो कुठे त्याला अर्थ नाही, जन्म जिथे झाला तिथल्या रजिस्टरात नोंद असते. रजिस्टर तिथेच राहतं आणि आपल्याला त्याची सही-शिक्क्याची नक्कल देतात. अर्जात जन्माची तारीख, जागा, आईबापाचं पूर्ण नाव लिहायचं आणि आपलं ओळखपत्र जोडायचं. बस्स. वन्सं, हे एवढं सोपं मला कोणी आधी सांगितलं असतं, तर घावणे मालाडला खाल्ले असते.

दुसऱ्या दिवशी मालाड. तिथला अर्ज मी एका कॉलेजच्या मुलीकडून भरून घेतला, खाली सही मात्र माझी. खिडकीतल्या गृहस्थांनी (चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे असतात, त्यातले) अर्ज घेतला, पावती दिली, चार दिवसांनी या म्हणाले. चार दिवसांनी गेले तर म्हणतात, नितेश नावाची नोंद नाही. मी म्हटलं, अहो, नावावर जाऊ नका, आईबापाच्या नावावर बघा, तारखेवर बघा. बिचाऱ्यांनी जुनं रजिस्टर काढलं, असं मोठं, पोळपाटाएवढ्या रुंद पानांचं. बोट फिरवत फिरवत थांबले. मग वर बघून म्हणाले, "आजी, त्या दिवशी तुम्हाला दोन मुलगे झाले होते का?"

मी म्हटलं, "एकाच्या वेळीच पहाटेपासून ओरडत होते. दुसरा झाला असता तर मला कळलं असतं ना!"

रांगेतली माणसं हसायला लागली. गृहस्थांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. बापाचं नाव बरोबर, आईचं नाव नलिनी बरोबर, तारीख बरोबर, मुलगा बरोबर. आणि बाळाचं नाव, चंद्रप्रकाश. बाजूला माहिती देणाऱ्याची सही, इरावती. ई नव्हे, इ, आणि त्याला खाली शेपटी. ती शेपटी मी शंभर सह्यांत ओळखेन, वन्सं.

आता मला सगळं आठवलं. बारसं. कुशीतल्या बाळाच्या कानात आत्याने नाव सांगायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. नितेश नाव मी आणि तुमच्या दादांनी ठरवलं होतं. तुम्ही तेव्हा सतरा वर्षांच्या, तुम्हाला दुसरंच नाव हवं होतं, रुसून बसला होता. कानात वाकलात, आणि माझी बहीण जया हिने जो धपाटा घातला, तो रीतीपेक्षा जरा मोठा झाला. (मी तिला डोळ्यांनी खूण केली होती, असं तुम्ही तेव्हा म्हणालात. केली होती.) तुम्ही कळवळून उठलात आणि मोठ्याने "नितेश" म्हणालात. पण मी सव्वा महिन्याची बाळंतीण, तुमचे दादा पाळीवर, म्हणून नाव नोंदवायला ऑफिसात पाठवलं कोणाला? तुम्हाला. घरात मॅट्रिक तेवढ्या तुम्हीच! एका धपाट्याचा सूड तुम्ही महापालिकेत जाऊन घेतलात, वन्सं, आणि येताना वर माझ्यासाठी मोसंबी आणलीत. आणि चंद्रप्रकाश कुठून आलं, तेही मला माहीत आहे. तुमच्या टायपिंग क्लासच्या मास्तरांचं नाव काय होतं, ते मी इथे लिहीत नाही. भावजी पत्र वाचतात.

घरी येऊन सांगितलं तर नितेश खुर्चीत बसला तो उठेचना. "म्हणजे मी कोण?" हे त्याने तीनदा विचारलं. श्रुतिका तेव्हापासून बापाला चंद्रप्रकाशराव म्हणते, "चंद्रप्रकाशराव, पाणी देऊ का?" कल्पिता म्हणते, मी लग्न नितेशशी केलंय, या दुसऱ्याचे डबे मी भरणार नाही. हसून हसून माझी पुरेवाट झाली, पण पंचवीस तारीख काही हसत नाही. मालाडच्या गृहस्थांनी सांगितलं, शाळेचा दाखला आणा, आणि नाव सांगणारी बाई हयात असेल तर तिचं प्रतिज्ञापत्र आणा, नितेश आणि चंद्रप्रकाश एकच म्हणून. काम लवकर होईल. मी म्हटलं, हयात आहे हो, चांगली ठणठणीत आहे, फक्त गावाला आहे आणि बोलावलं की गुडघे पुढे करते.

तेव्हा निघा. "वैनी, माका जमाचा नाय" हे या वेळी चालणार नाही. नितेश स्टेशनावर घ्यायला येईल. त्याला आत्याबद्दल राग नाही, उलट म्हणतो, आत्याला एकदा जर्मनी दाखवतो. मुद्दाम सांगते, हे पोरीच्या बाबतीत झालं नाही. दिशाच्या वेळी मी शहाणी झाले होते. तुमच्यावर विसंबले नाही, स्वतः जाऊन नोंदवून आले.

तुमची,
नलिनी

ता. क. आधार कार्ड आणि दोन फोटो आणा. आंबोशीही.

ता. क. भावजी हे पत्र मोठ्याने वाचून दाखवत असतील, तर बारशाचा परिच्छेद त्यांना गाळायला सांगा. हे वर लिहायला हवं होतं, आता सुचलं.

ता. क. हे एकटीनेच वाचा. मालाडला गेले होते तर दिशाचाही दाखला असू द्यावा म्हणून लगे हात तिचाही अर्ज दिला होता. तिचंही बाळंतपण तिथलंच. तो मिळाला. सही-शिक्का सगळं आहे, पण नावाच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. तेव्हा मी कडेवर पोर घेऊन गेले होते. त्यांनी कागद दिला, पेन दिलं. मागे रांग. कुठे काय लिहायचं ते विचारायला मला लाज वाटली, वन्सं. मी खाली सही केली आणि ऐटीत घरी आले, आणि तुमच्यासमोर इतकी वर्षं मिरवत राहिले. दिशा दहिसरला सुखात आहे, तिला अजून सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. चंद्रप्रकाशचं प्रतिज्ञापत्र तुम्ही गावाहूनही करून पाठवू शकाल, असं ते गृहस्थ म्हणाले होते, ते मी वर लिहिलं नाही. तरी या. त्या रेघेचा अर्ज या वेळी माझ्या हाताने लिहिणार आहे. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा, आणि कुठे लिहायचं तिथे बोट ठेवा.