गसने हात वर केला नाही

७ जानेवारी १९७९, रविवार. संध्याकाळ.

ढोलाची एक थाप. मग श्वासभर शांतता. आणि त्या शांततेत, सॅक्सोफोन पुन्हा सुरू होण्याआधी, कोणीतरी बेभान होऊन ओरडतं: सांग बाबा, सांग!

सत्तावीस वर्षं झाली. सॅक्सोफोनवाल्या हॉरेस टिबेटच्या, मॅग्नोलिया रूम क्लबात लोकांसमोर भरलेल्या त्या रेकॉर्डवर दुसऱ्या बाजूला, शेवटून तिसऱ्या मिनिटाला हे ऐकू येतं. शिकागोच्या साऊथ साइड वस्तीत ही रेकॉर्ड नाही असं घर नसेल. तो आवाज माझा आहे.

आज ओझेलच्या सलूनमध्ये रेकॉर्ड-मंडळ भरलं. आमचा नियम जुना आहे. कोणी म्हणालं, ‘मी तिथे होतो’, तर साक्षीदार हवा. साक्षीदाराने हात वर केला की मगच सुई टेकवायची. माझा साक्षीदार गस बॉयकिन. इतकी वर्षं माझं बोलणं संपायच्या आत गसचा हात वर गेलेला असायचा.

आज गसने हात वर केला नाही. मांडीवर ठेवून बसला. ओझेलने विचारलं, काय रे, झोपलास का? गस म्हणाला, डॉक्टरने मीठ बंद केलं, पास्टरने खोटं बंद केलं; तसंही तोंडाला चव राहिली नाही, तर खरं सांगून टाकतो. आम्ही त्या रात्री आत नव्हतोच.

सगळे हसले. दाढीला बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा, साबणासकट.

मी म्हणालो, ज्याला स्वतःचा दमा आणि सॅक्सोफोन यांतला फरक कळत नाही, त्याची साक्ष काय कामाची? मग कोणी हसलं नाही. ओझेलने रेकॉर्ड न वाजवताच पाकिटात घातली.

वय झालं की स्मृती जाते. गसची गेली. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. तो माफी मागेपर्यंत फक्त बोलणार नाही. आठवडा पुरे होईल.

१० जानेवारी.

फोन नाही. फोन बिघडलाय का बघायला वेळ सांगणाऱ्या बाईला दोनदा लावला. वेळ बरोबर सांगितली तिने.

१४ जानेवारी, रविवार.

काल सुरू झालेला बर्फ अजून थांबत नाही. गाड्या गाडल्या गेल्यात, बस बंद, मंडळ रद्द. वाईट याचंच की गस आज नक्की आला असता. निसर्ग दोन मित्रांच्या आड येतो, यावर चार ओळी सुचल्या. लहानपणी मिसिसिपीत मिस ओडम आम्हाला कविता उभं करून म्हणायला लावायच्या. म्हणायच्या, थॅडियस, तुझ्या आवाजात शोक आहे. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि मला फक्त लघवीला जायचं होतं. पण बाईंना दिसायचं ते दिसलं.

तिसऱ्या ओळीत यमक अडलंय.

१७ जानेवारी.

ओझेलचा फोन. गस हॉस्पिटलमध्ये आहे. रविवारी सकाळी बर्फ उपसताना फावड्यावरच कोसळला. हृदय.

एवढ्या बर्फात माणूस गाडी का मोकळी करेल? उघड आहे. माझ्याकडे यायला निघाला होता. ओझेलला तसं सांगितलं. तो म्हणाला, वर्लीन म्हणते चर्चला निघाला होता. बायकोला नवऱ्याच्या मनातलं काय ठाऊक?

उद्याच जाणार. गेल्या गेल्या त्याला माफ करून टाकणार. आजारी माणसाला ताटकळत ठेवू नये.

१८ जानेवारी.

बस नाहीत.

२१ जानेवारी, रविवार.

मंडळात चौघंच. गसची खुर्ची कोणी घेतली नाही. ओझेलने नकळत तिच्यावर टॉवेल वाळत घातला, मग उचलला.

मी रेकॉर्ड पुढे केली. ओझेल म्हणाला, साक्षीदार? मी म्हणालो, साक्षीदार खाटेवर आहे, गैरहजेरीत धरावा. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम. मग म्हणाला, थॅड, तू पोस्टात होतास ना? ऊन, पाऊस, बर्फ, काही झालं तरी पत्र पोचवणारे तुम्ही लोक. आठ गल्ल्या आहेत रे हॉस्पिटलपर्यंत.

मी शांतपणे सांगितलं की मी पत्रं निवडायच्या खात्यात होतो. आत. बत्तीस वर्षं, छताखाली.

तो म्हणाला, दिसतंय.

२५ जानेवारी. दुपार.

गेलो! म्हणजे खालच्या हॉलपर्यंत. टेबलाशी बसलेल्या बाईने सांगितलं, सहावा मजला. लिफ्टला गर्दी होती. बाकावर बसून कार्ड लिहिलं: ‘प्रिय गस, मी तुला माफ केलं आहे.’ वाचून पाहिलं तर अक्षर फार वाकडं आलेलं. असं कार्ड देणं बरं दिसत नाही. घरी नीट लिहायला घेऊन आलो.

सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

३० जानेवारी.

वर्लीनचा फोन. म्हणाली, तो तुझी चौकशी करतो, थॅड. रोज करतो. मी म्हणालो, रविवारी येतो. ती म्हणाली, रविवार म्हणू नकोस. आज ये. मी म्हणालो, वर्लीन, काळजी नको, माझी एक योजना आहे. तिने फोन ठेवला. बायका फार घाबरतात.

योजना अशी. माझा छोटा प्लेअर हॉस्पिटलमध्ये न्यायचा. मंडळाचे सगळे खाटेभोवती. मी त्या रात्रीची गोष्ट पहिल्यापासून सांगणार. दिव्यांखालचा निळा धूर, टिबेटची घामेजलेली कॉलर, पहिल्या रांगेतली पिवळ्या टोपीची बाई. गसला सगळं आठवेल, हात वर जाईल, सुई टेकेल. ओझेलला फोनवर हे समजावलं.  तो म्हणाला, गसच्या हातात सुया टोचल्यात, थॅड.

मी म्हणालो, एकच हात लागतो.

४ फेब्रुवारी, रविवार.

प्लेअरची सुई खराब निघाली. टिबेटला खरखरत ऐकवणं म्हणजे अपमान. दुकानं बंद. पुढच्या रविवारी नक्की. उलट बरंच झालं, मॅग्नोलिया रूमची ती रात्र फेब्रुवारीतलीच. सत्तावीस वर्षं बरोबर होतील. गसला अशा योगायोगांचं फार कौतुक.

७ फेब्रुवारी.

गस काल सकाळी गेला.

ओझेल स्वतः सांगायला आला. कोट काढला नाही, बसला नाही. मी विचारलं, शेवटी काही म्हणाला का? तो म्हणाला, पाणी मागितलं. मी म्हणालो, आणि? तो म्हणाला, एवढंच, थॅड. पाणी.

अंत्यविधी शनिवारी अकराला, चर्चमध्ये.

८ फेब्रुवारी.

विचार केला. शनिवारी जाऊ नये. काळा सूट खालच्या ट्रंकेत आहे, ट्रंकेवर बाकीचं सामान. चर्च गरम नसतं. शिवाय तिथे सगळे माझ्याकडे बघणार, आणि कोणी काही विचारलं तर दुःखाच्या वेळी वाद नको. त्यापेक्षा कविता लिहून पाठवीन, वर्लीन वाचून दाखवील. कवितेची जागा देहाला भरता येत नाही.

पहिली ओळ: ‘मित्रा, तुझ्या हाताची सावली...’

पुढे काही येत नाही.

९ फेब्रुवारी.

अजून पहिलीच ओळ.

१० फेब्रुवारी, शनिवार. सकाळ, सव्वानऊ.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तर लिहून टाकतो.

मॅग्नोलिया रूम खच्चून भरली होती. दारवान म्हणाला, उद्या या. गसचा मामेभाऊ आत स्वयंपाकघरात भांडी घासायचा. मागचं दार किलकिलं करून म्हणाला, गस, एकटा ये, हातात ट्रे धरून कोपऱ्यात उभा राहा, कोणी विचारणार नाही. गस म्हणाला, आम्ही दोघं आहोत. मामेभाऊ म्हणाला, दोघं जमणार नाही. गस म्हणाला, मग राहू दे.

दोन तास आम्ही गल्लीत उभे. चुलीमागची भिंत ऊबदार होती, जेमतेम एका माणसाच्या पाठीएवढी. गसने मला तिथे उभं केलं. मी विटांना कान लावला. ढोल ऐकू येत होता, बाकी पुष्कळसं कल्पनेने. मधूनमधून मी त्याला सांगत होतो, आता टिबेट असं वाजवतोय, आता तसं. तो पाय आपटत, हात काखेत घालून म्हणायचा, अस्सं? मग?

निळा धूर नव्हता. पिवळ्या टोपीची बाई नव्हती. कांद्याचा वास होता.

पुढच्या वर्षी रेकॉर्ड आली. ओझेलकडे पहिल्यांदा वाजली तेव्हा त्या ओरडण्यावर मी म्हणालो, हा मी! का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. ओझेलने विचारलं, साक्षीदार? गसने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आणि हात वर केला.

आत जाऊ शकला असता तो. एकटा. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. सात जानेवारीला, सगळे हसत असतानाही नाही.

असो. बर्फ पुन्हा भुरभुरतोय. आता जायचं म्हटलं तरी उशीर...

नऊ चाळीस.

दारावर थाप. वाटलं ओझेल. अनोळखी निघाला. काळा लांब कोट, पांढरे हातमोजे, टोपी छातीशी धरलेली. अंत्यविधीवाल्यांचा माणूस. म्हणाला, मिस्टर थॅडियस मेवेदर? शवपेटी उचलायला सहा जण लागतात, सर. आमच्याकडे पाच आहेत. सहावे तुम्ही.

मी म्हणालो, काहीतरी चूक होतेय, माझं नाव कोणी दिलं? तो म्हणाला, मिस्टर बॉयकिन यांनी स्वतः, हॉस्पिटलमध्ये. खिशातून कागद काढला. गसचं ते ठेंगणं अक्षर. माझं नाव सगळ्यांत वर.

मी म्हणालो, माझा गुडघा धड नाही.

तो म्हणाला, तेही लिहिलंय, सर. वाचून दाखवलं: थॅडला मागच्या बाजूला ठेवा, पायऱ्या उतरताना मागे वजन कमी येतं. तो येणार नाही म्हणेल. घरी जाऊन घेऊन या.

त्याला थांबा म्हणून आत आलोय. ट्रंक उघडायची आहे, वही कशाला उघडली कळत नाही. तो दारातच उभा आहे. म्हणतो, घाई नाही, गाडी खाली सुरू ठेवलीय. माझ्यासाठी हातमोज्यांचा दुसरा जोड आणलाय त्याने. तो पुढे धरून उभा आहे.