डावीकडून येणारा भाऊ

लोणी देवकर, बुधवार संध्याकाळ, १९९६

लिहायचं रोज उद्यावर ढकलत होतो. गुडघा गेल्यापासून मी इथल्या साखर कारखान्याच्या कबड्डी संघाचा कोच. उद्या सामना सांगवीशी, माझ्याच गावाशी. सरावात संघातला दत्तू तोंडावर म्हणाला, "कोच सांगवीचा हाय, आपल्याला हरवणार." रेडिओवर ऐकलेला तो इंग्रज फुटबॉलपटू आठवतोय. खेळणं संपल्यावर आयर्लंडातल्या संघाचा मॅनेजर झाला. त्यालाही तिथं परकाच म्हणत असतील? आयर्लंडात ऊस होतो का, कोण जाणे. दमलोय. सांगवीकडून चढाई करतो माझा धाकटा भाऊ संपत, आणि तो कायम डावीकडूनच शिरतो. पोरांना हे सांगितलं तर भावाशी दगा, नाही सांगितलं तर दत्तू खरा.

आत्ता दारात संपतच उभा. सायकल टेकवत म्हणतोय, "डावीकडचं सांगून टाक की पोरांना, दादा. मी आता उजवीकडूनबी शिरतो."