तिसरी भाकर

मंगळवार, संध्याकाळ

सासूबाई आज ताट वाढता वाढता थांबल्याच. डिंकाचा लाडू पोटुशीला गरम पडतो, अंगावर पाजणारीला मात्र तोच द्यायचा. आणि मी तर दोन्ही! चिऊ दीड वर्षाची, अजून पिते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाजा खुशाल, फक्त पोटभर जेवा.

"तुले गरोदर समजू का बाळंतीण?" सासूबाईंनी विचारलं.

"भुकेली समजा." जास्तच बोलले का मी? पण हसल्या. लाडू डब्यात गेला. वरणावर तूप, मेथीची भाजी, आणि दोन भाकरींवर तिसरी.

"तिसरी कोणाची?"

"एक पोरीची, एक पोटातल्याची. अन् हे तुह्या एकटीची."

तिसरी भाकर सावकाश खाल्ली. चिऊने हात पुढे केला, तरी घास दिला नाही.