सेकंदाला वीस हजार

सोमवार, ३
लेक म्हणाली, "बाबा, नमुन्याचा ट्रान्सफॉर्मर तुम्हीच गुंडाळा." मीच! तीन वर्षांनी पुन्हा वेटोळं हातात! शुक्रवारी गिऱ्हाईक येणार. पास झाला तर वर्षभराचं काम आपल्या कारखान्याला. नापास झाला तर ती दुसरा कारागीर ठेवणार, आणि मी घरी. चष्मा तीनदा पुसला. आनंदानेच—बहुतेक.

मंगळवार, ४
फजिती! वेटोळ्यात नेहमीच्या लोखंडी पत्र्या भरल्या, चालू केला. दोन मिनिटांत तव्यासारखा तापला, व्हार्निशचा वास! लेक धावत आली. "अहो बाबा, या पत्र्या घरच्या विजेच्या, पन्नास सायकलच्या. गिऱ्हाइकाचं मशीन वीस हजारांवर चालतं."

"दिवसाला?"

"सेकंदाला!"

मला हसूच आवरेना. वीज सेकंदात वीस हजार वेळा उलटसुलट—माणूससुद्धा तापेल! तिने समजावलं. लोखंडाच्या आतच वीज भोवऱ्यासारखी फिरते, तीच तापवते. चारशे सायकलला कागदाएवढी पातळ पत्री चालते. पण हजारांत गेलं की फेराइटचाच कोअर, म्हणजे आतला गाभा, हवा—काळा, भाजलेल्या मातीसारखा, विजेला आत फिरू न देणारा. मी चौथी पास. तरी कळलं!

बुधवार, ५
अकरा वेढे! जन्मभर आठशे-हजार मोजत आलो, आणि हे काम चहा निवायच्या आत संपलं! त्याच भरात कोअर बसवायला लाकडी हातोडीने ठोकला. पत्र्या ठोकूनच बसतात ना! टक्—दोन तुकडे. लेक आधी ओरडली, मग हसत हसत खालीच बसली. "बाबा, कपबशी ठोकता का कधी?" आता एकच कोअर उरला. जेवण गेलं नाही.

गुरुवार, ६
हातोडी लेकीने कपाटात कोंडली. कोअर नुसता चिकटपट्टीने बांधला. दिवा जोडून चालू केला—आवाजच नाही! गुणगुण नाही म्हणजे मेला. की माझे कान गेले? टेबलावर कान टेकवला.

"दिवा बघा की!" लेक म्हणाली. दिवा लख्ख! एवढा बारीक आवाज म्हाताऱ्यांना ऐकूच येत नाही म्हणे. मांजर मात्र शेपूट फुगवून पळालं! तासभर चालवला, बोट लावलं. कोमट! मी टेबलाभोवती नाचलो. गुडघा दुखतोय. दुखू दे.

शुक्रवार, ७
पास! गिऱ्हाईक म्हणालं, "काका, हात अजून चालतो हं तुमचा." त्याने लेकीकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या हाताने दोन बिघडले," मी म्हणालो. "कोअर तिने निवडला. तिच्याशी बोला."

तो गेल्यावर तिला म्हटलं, "माझा हात पत्र्यांचा. कारागीर ठेव. तरुण बघ."