आईच्या थापा

ताई,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

आई गेल्यानंतर काही दिवसांनी तू रडत म्हणालीस, "दादा दर रविवारी आईकडे माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा गं. आता एक फोन नाही त्याचा!"

आई फोन लावायची तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत असायचे. दादाने तुझ्या गुडघ्याचं कधीच विचारलं नव्हतं. तू तरी कुठे त्याच्या खोकल्याचं विचारलंस? पण तुझा फोन ठेवला की आई लगेच त्याला सांगायची, "ताईला तुझ्या खोकल्याची फार काळजी लागलीये." मी हसले की डोळे वटारायची. आपलं घर म्हणजे तीन देश आणि राजदूत एकच, तीही थापाडी.

काल मीही करून पाहिलं. दादाला म्हटलं, "ताई तुझ्या खोकल्याचं विचारत होती."

तो म्हणाला, "आईही खोटंच सांगायची, मला कळायचं. पण तिच्या तोंडून ऐकून बरं वाटायचं. तू नको त्या भानगडीत पडूस." आणि फोन ठेवला.

मी कामावर असताना तुम्हा दोघांचे फोन येतात, दोघंही आधी माझंच विचारतात, असं आई मला रोज सांगायची. त्याची शहानिशा मी केलेली नाही. करणारही नाही.

तुमची, असले तर,
धाकटी